जुन्या इनोव्हाचा भाव का उतरत नाही? तुटलेल्या दोऱ्यापासून सुरू झालेली टोयोटाची गोष्ट

हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर) : २०२७ चा सिंहस्थ जवळ येऊ लागला तशी हरसूल, ठाणापाडा, वाघेरा पट्ट्यातल्या तरुणांत एक चौकशी वाढली आहे. जुनी इनोव्हा कितीला पडेल? त्र्यंबकला भाविक येणार, नाशिकरोड स्टेशन, शिर्डी, वणी अशी भाडी निघणार, तेव्हा आपलीही एक गाडी असावी असा हिशोब. पण नाशिकला जाऊन भाव विचारला की माणूस गार पडतो. दहा वर्षे चाललेली, दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी, आणि मालक सांगतो तेवढ्या पैशात एखादी छोटी नवी गाडी शोरूममधून बाहेर निघेल.

लोखंड तेच, चाकं चारच. मग या गाडीला एवढा भाव कशाचा? उत्तर शोधायला जपानमधल्या एका सुताराच्या घरापर्यंत मागे जावं लागतं. आणि वाटेत सांगली जिल्ह्यातलं एक गावही लागतं.

आधी नावाची गंमत. कंपनी ज्या घराण्याने काढली त्याचं आडनाव टोयोडा. जपानी लिपीत ते ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्याचा अर्थ होतो भरघोस पिकणारं भाताचं खाचर. १९३६ साली गाड्यांसाठी नाव ठरवताना टोयोडाचं टोयोटा केलं, कारण जपानी लिपीच्या साध्या वळणात ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि तिकडे आठ हा आकडा शुभ मानतात. म्हणजे खाचरात आवणी करणाऱ्या आपल्या भागाला हे नाव तसं परकं नाही.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात. वडील सुतार. गावात घरोघरी हातमाग होते, बाया दिवसभर माग चालवायच्या. मागावर कापड विणताना एक दोरा तुटला आणि वेळेत लक्षात आला नाही, तर पुढचं सगळं कापड खराब निघतं. म्हणून मागासमोर माणूस खिळून बसलेला लागतो. साकिचींनी वडिलांकडून सुतारकी शिकली आणि माग सुधारायचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं. पुढे यंत्रावर चालणारा माग केला. आणि १९२४ मध्ये असा माग तयार केला, की दोरा तुटला तर यंत्र आपोआप थांबायचं. एका कामगाराला मग एका मागाला चिकटून बसायची गरज राहिली नाही. तो अनेक मागांवर नजर ठेवू शकत होता.

ही एवढी गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण टोयोटाचं सगळं गुपित इथेच आहे. यंत्र वेगाने चालवणं बहुतेकांना जमतं. बिघाड झाला त्याच क्षणी थांबणारं यंत्र करायला डोकं लागतं.

त्या मागाची कीर्ती एवढी झाली, की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागाच्या बड्या कारखानदाराने त्याचे हक्क घेण्याचा करार केला. ठरलेली रक्कम होती एक लाख पौंड. ज्या इंग्रजांनी जगाला कापडगिरण्या शिकवल्या, ते एका खेड्यातल्या सुताराच्या पोराकडून माग घ्यायला गेले!

साकिची १९३० मध्ये वारले. त्यांचा मुलगा किइचिरो इंजिनिअर होता आणि त्याच्या डोक्यात मोटार होती. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. अमेरिकन शेवरोले गाडी आणून ती पूर्ण खोलली, एकेक भाग मोजला. १९३५ मध्ये पहिला ट्रक बाजारात आला, आणि तो वाटेत बंद पडू लागला. आज ज्या कंपनीचं नाव भरवशासाठी घेतात, तिची सुरुवात अशी रस्त्याच्या कडेला झाली. कंपनीची माणसं बंद पडलेल्या ट्रकपर्यंत जायची, दुरुस्त करायची आणि काय मोडलं ते कारखान्यात येऊन सांगायची. पुढचा ट्रक तेवढा सुधारून निघायचा. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात आली. १९५० मध्ये गाड्या खपेनात, पगार थकले, संप झाला, शेकडो कामगारांना घरी जावं लागलं. किइचिरोने जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकेच्या सैन्याला ट्रक हवे झाले आणि ऑर्डर आल्या म्हणून कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये गेले, चांगले दिवस त्यांनी पाहिले नाहीत.

पैसा नाही, जागा नाही, माल साठवायला गोदाम परवडत नाही, अशा अडचणीत कारखान्यातल्या ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरने कामाची जी पद्धत बसवली, ती आज जगभरच्या कॉलेजांत शिकवतात. आपल्याकडे ती समजायला कॉलेजची गरज नाही. आवणीचे दिवस आठवा. राबावरून रोपं उपटणारे वेगळे, मुठी वाहणारा वेगळा, खाचरात लावणारे वेगळे. रोपं जास्त उपटून ठेवली तर उन्हाने माना टाकतात. कमी उपटली तर लावणारी माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहतात आणि मजुरी चालू राहते. हुशार शेतकरी खाचरात मुठी किती उरल्या ते बघून राबाकडे हाक देतो, तेवढ्याच मुठी येतात. ओनोंनी हेच केलं. पुढच्या माणसाने मागितलं की तेवढाच भाग मागून यायचा, हाकेच्या जागी एक चिठ्ठी. तिला ते कानबान म्हणतात.

आणि दुसरी गोष्ट ती दोऱ्याची. कारखान्यात गाड्या जोडणीच्या पट्ट्यावरून पुढे सरकत असतात. त्या पट्ट्याशेजारी एक दोरी. कुठल्याही कामगाराला नट नीट बसला नाही, दरवाजा घासतोय असं दिसलं, तर त्याने दोरी ओढायची. मुकादम धावत येतो, आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर लाईन थांबते. साहेबाला विचारायचं नाही. दुसऱ्या कंपन्यांत लाईन थांबवणं म्हणजे गुन्हा होता. इथे दोष बघूनही न थांबवणं चुकीचं धरलं जायचं. मग फक्त नट बदलून भागत नसे. का सुटला, तसं का झालं, त्याच्या मागे काय, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं.

एखादी गाडी तीन लाख किलोमीटर पळूनही खडखडत नाही, तेव्हा त्यामागे हे असं हजारो वेळा थांबणं असतं. हे जाहिरातीत दिसत नाही, म्हणून इथे एवढं लांबण लावलं.

या पद्धतीच्या जोरावर कंपनी वाढत गेली. लँड क्रूझर, १९६६ ची कोरोला, १९९७ ची बॅटरी-पेट्रोलवर चालणारी प्रियस. २०२३ मध्ये टोयोटा समूहाने जगभर १ कोटी १२ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या. कारखाना जिथे होता त्या कोरोमो शहराने १९५९ मध्ये आपलं नाव बदलून टोयोटा करून घेतलं.

आता कंपनीच्या नावाचं गाव आपल्याकडेही आहे. किर्लोस्करवाडी, सांगली जिल्हा. शेतावर किर्लोस्करची मोटर किंवा इंजिन पाहिलेलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव भागातला. साकिचींपेक्षा दोन वर्षांनी लहान. हाही मूळचा कारखानदार नव्हे. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर यंत्राच्या आराखड्यांकडे वळले, शिकवण्याचं काम केलं, मग बेळगावला सायकलचं दुकान टाकलं. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर काही लगेच विकला गेला नाही. लोखंड लागलं की जमिनीला विष चढतं, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, तिथे १९१० मध्ये कारखाना आणि वस्ती उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी.

जपानमध्ये माग, इथे नांगर. दोघांनीही गावातल्या माणसाच्या हातातलं अवजार सुधारण्यापासून सुरुवात केली. त्यामुळे पुढे या दोन घराण्यांची गाठ पडली तीही आधी मोटारीवरून पडली नाही. १९९५ मध्ये लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोडांच्या त्या जुन्या मागाच्या कारखान्यातून वाढलेल्या कंपनीबरोबर बंगळुरूजवळ सूतगिरणीची यंत्रं करायची भागीदारी केली. दोऱ्याच्या धंद्यात विश्वास बसल्यावर गाड्यांचं ठरलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. यात मोठा वाटा जपानी कंपनीचा, ८९ टक्के, आणि किर्लोस्करांचा ११ टक्के. शेतातल्या मोटरी करणाऱ्या किर्लोस्कर कंपन्या वेगळ्या, त्यांचा या गाडीशी संबंध नाही. नाव एक म्हणून घोळ होतो, एवढ्यासाठी सांगितलं. विक्रम किर्लोस्कर यांचं नोव्हेंबर २०२२ मध्ये निधन झालं.

जानेवारी २००० मध्ये त्यांची पहिली गाडी आली, क्वालिस. शहरातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. इंडोनेशियात आधीपासून चालणारी, पेटीसारखी दिसणारी जुनाट गाडी म्हणून हसले. पण टूरवाल्यांनी तिला उचलून धरलं. मागे पाटे, साधं डिझेल इंजिन, इलेक्ट्रॉनिक भानगड जवळजवळ नाही, माणसं भरपूर बसतात आणि बंद पडत नाही. लग्नाचं वऱ्हाड असो की शिर्डीची ट्रिप, त्या पाच वर्षांत क्वालिसशिवाय पान हलत नव्हतं. आणि गाडी जोरात खपत असतानाच कंपनीने ती बंद केली! २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आणली. तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला होता.

इनोव्हाची घडण समजून घेतली की भावाचं कोडं सुटतं. तिची चासी वेगळी आणि वरची बॉडी वेगळी, ट्रकसारखी. याच घराण्याच्या सांगाड्यावर कंपनीचा हायलक्स पिकअप आणि फॉर्च्युनर बनते. म्हणजे माल वाहायच्या गाडीचा कणा आणि वर माणसांची सोय. ताकद मागच्या चाकांना. भरल्या गाडीने घाट चढताना वजन मागे सरकतं, तेव्हा मागची चाकं रस्ता घट्ट धरतात. हरसूलहून त्र्यंबककडे किंवा जव्हारकडे पावसाळ्यात सात माणसं घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला हे वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये आलेल्या क्रिस्टालाही हीच चासी पद्धत आहे. २०२२ च्या अखेरीला आलेली हायक्रॉस मात्र वेगळी. तिला स्वतंत्र चासी नाही, ताकद पुढच्या चाकांना, आणि डिझेल नाहीच. नाव इनोव्हा असलं तरी ही दुसरी गाडी आहे.

दुसरं कारण स्पेअरपार्टचं. शेवरोलेची तवेरा आपल्या भागात किती चालायची ते सगळ्यांना माहीत आहे. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीला भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि तवेराचा बाजारभाव बसला. इनोव्हाचे पार्ट मिळत राहतात, टूरवाले ती वापरत राहतात, म्हणून गॅरेजवाल्याचा हात तिच्यावर बसलेला असतो, आणि म्हणून घेणारा पुन्हा तीच मागतो. एकदा असं चक्र सुरू झालं की भाव टिकतो. यात गाडीचा गुण किती आणि गर्दीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

टोयोटाचा बिल्ला दिसला म्हणजे गाडी टोयोटाच, असंही आता राहिलं नाही. सुझुकीशी हातमिळवणी झाल्यापासून ग्लान्झा म्हणजे बलेनो आणि रुमियन म्हणजे अर्टिगा, वरचं नाव बदललेली. गाड्या वाईट नाहीत, पण इनोव्हाच्या चासीचा भरवसा मनात धरून रुमियनला जास्त पैसे मोजू नयेत. जाता जाता, सुझुकी कंपनीही १९०९ मध्ये त्याच शिझुओका प्रांतात मागाच्या कारखान्यातूनच सुरू झाली. आपल्या रस्त्यावरची ईकोसुद्धा मूळची मागवाल्यांचीच.

ही कंपनी चुकत नाही असं मात्र कोणी समजू नये. २००९-१० मध्ये अमेरिकेत आणि इतर देशांत अ‍ॅक्सिलेटर अडकण्याच्या तक्रारींवरून तिला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकन संसदेपुढे उभं राहून माफी मागावी लागली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये १२० कोटी डॉलरचा दंड बसला. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनाच्या चाचणीत गडबड निघाल्याने भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स पाठवणं काही दिवस थांबवलं होतं. आणि बिडदीच्या कारखान्यात नोव्हेंबर २०२० पासून काही महिने कामगारांचा संप आणि टाळेबंदी चालली. कामाचा वेग झेपत नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती. दोरी ओढून लाईन थांबवायचा हक्क असलेल्या कारखान्यात ही वेळ यावी, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

महाराष्ट्रासाठी एक बातमी अशी, की जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार करून कंपनीने छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कारखाना टाकण्याचं जाहीर केलं आहे.

आता गाडी घेणाऱ्याच्या कामाचं. पहिला हिशोब कर्जाचा. समजा सहा लाखांचं कर्ज चार वर्षांसाठी १४ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याला साधारण १६ हजार ४०० रुपये हप्ता येतो. चार वर्षांत व्याजच १ लाख ८७ हजारांच्या आसपास. सिंहस्थाची मुख्य गर्दी काही महिन्यांची, हप्ते ४८. गर्दी ओसरल्यावर आवणीच्या दिवसांत, माणसं मजुरीला गिरणारे-नाशिककडे गेलेली असताना भाडं कुठून येणार, याचं उत्तर आधी हातात हवं. ते नसेल तर चांगली गाडीही दारात उभी राहून हप्ते खाते.

मुंबई-पालघरकडून आलेली गाडी असेल तर खाली वाकून चासी बघावी. खारी हवा आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस मिळून सांध्यात गंज धरतो, वरून रंग चकाचक असतो. इंजिन थंड असताना स्वतः चालू करावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा फार येत असेल तर इंजेक्टर बघायला हवेत. ऑइलचं झाकण उघडून जोराची फुंकर येते का पाहावं. येत असेल तर इंजिनकाम जवळ आलंय. जुन्या अडीच लिटर इनोव्हात टायमिंग बेल्ट असतो, तो ठरलेल्या किलोमीटरला बदललाय का विचारावं. तुटला तर इंजिनचं मोठं काम निघतं. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद बघावी. आणि एक, क्वालिसला कसंही डिझेल चालायचं, इनोव्हाच्या इंजेक्टरला चालत नाही. कॅनमधलं डिझेल टाकायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

कागदाचं त्याहून महत्त्वाचं. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, मग भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. भाड्यासाठी पिवळी पाटी, परमिट, फिटनेस आणि प्रवासी विमा हवाच. किती जुन्या गाडीला परमिट मिळेल, हे सौदा करण्याआधी नाशिकच्या आरटीओत विचारून घ्यावं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या होऊन आरसीवर आपलं नाव येईपर्यंत ठरलेल्या रकमेतला काही भाग हातात राखून ठेवावा, आणि तसं सौदापावतीत लिहून घ्यावं.